जुन्या पैशांचं काय होणार?

निवडणुकीच्या आदल्या रात्री आमच्या भागातल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटावर दरवेळी तोच प्रश्न येतो. "ते पोलिसांच्या टॅक्सचं मेझर आहे ना, त्याला हो म्हणायचं की नाही?" राष्ट्राध्यक्ष कोण व्हावा यावरून याच गटावर सहा महिने भांडणं झालेली असतात, तिथं कुणाला कुणाचा सल्ला लागत नाही. स्वतःच्या घराच्या करबिलात पुढची नऊ-दहा वर्षं दरसाल दीड-दोनशे डॉलर वाढवणारा प्रश्न मात्र मतपत्रिकेच्या अगदी शेवटी असतो. तिथवर पोचेपर्यंत माणूस कंटाळलेला असतो. मग कुणीतरी लिहितं, "पोलिसांसाठीच आहे, द्या की." कुणीतरी लिहितं, "आधीच काय कमी भरतोय?" आणि दोन-चार अंगठ्यांवर निकाल लागतो.

हा लेख त्या रात्रीसाठी आहे, आणि खरं तर त्या रात्रीच्या तीन आठवडे आधीसाठी. मी कॅलिफोर्नियात राहतो, त्यामुळे नियम इथले सांगतो. टेक्सास, मिशिगन, ओहायो, ऑरेगन या राज्यांतही शहरं आणि काउंट्या पोलिसांसाठी आणि अग्निशमन दलासाठी मतदारांकडे घरपट्टी मागतात, पण तिथली गणितं वेगळी. मिशिगनमध्ये 'मिल' म्हणतात, म्हणजे कराच्या हिशेबातल्या दर हजार डॉलर किमतीमागे एक डॉलर. कागद कसा वाचायचा, एवढं मात्र सगळीकडे सारखंच आहे.

आपल्याला हा प्रकार मुळातच नवा असतो. पुण्या-मुंबईत घरपट्टी महापालिका ठरवते, फार तर सभागृहात गोंधळ होतो, पण "वाढवू का?" असं घरमालकाला कुणी विचारत नाही. उलट माफी जाहीर होते. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना ती २०२२ च्या १ जानेवारीला झाली. आणि पोलीस तर राज्य सरकारचे, नगरसेवकाचा त्यांच्या पगाराशी संबंध नाही. अमेरिकेत बहुतेक शहरांचे पोलीस शहराचे नोकर असतात. त्यांचा पगार, गाडी, विमा, निवृत्तिवेतन सगळं शहराच्या तिजोरीतून जातं. एखाद्या नेमक्या प्रश्नावर थेट लोकांनीच मत देऊन निकाल लावायचा याची आपल्याकडची जवळची ओळख म्हणजे गावोगावच्या बायकांनी दारूच्या दुकानाविरुद्ध केलेलं 'उभी बाटली, आडवी बाटली'चं मतदान. तिथं एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त बायकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारावा लागतो. घरी बसलेली बाईसुद्धा त्यात उभ्या बाटलीच्या बाजूनं मोजली जाते. इथल्या पट्टीचं गणितही असंच कडक आहे, फक्त वेगळ्या प्रकारे.

त्यासाठी १९७८ सालात जावं लागेल. त्या वर्षी जूनमध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी 'प्रपोझिशन १३' मंजूर केलं. मूळ घरपट्टी किमतीच्या एक टक्क्यावर गोठली, आणि ती किंमतही दरवर्षी फार तर दोन टक्क्यांनी वाढणार. बाजारभाव लागणार तो घराची मालकी बदलली किंवा नवं बांधकाम झालं तरच. म्हणून तुमच्या शेजारी १९८५ साली घर घेतलेले आजोबा आणि २०२१ मध्ये घर घेतलेले तुम्ही, एकाच रस्त्यावर, तेवढ्याच घरासाठी कितीतरी वेगळी पट्टी भरता. शहरांच्या हातातून मुख्य घरपट्टीचा दर गेला. वरून अट अशी की ठरावीक कामासाठी खास कर लावायचा तर दोन तृतीयांश मतदारांची संमती हवी. १९९६ मध्ये 'प्रपोझिशन २१८' आलं आणि उरलीसुरली भोकंही बुजली.

उरला तो 'पार्सल टॅक्स'. हा घराच्या किमतीवर लागत नाही; जमिनीच्या तुकड्यावर किंवा घराच्या संख्येवर ठोक रक्कम असते. समजा, आजोबांना १९८ डॉलर, तर तुम्हालाही १९८. नव्यानं घर घेतलेल्याला हे मनातून बरंच वाटतं, हे मी कबूल करतो. मात्र डोंगरावरच्या हवेलीला आणि खालच्या दोन खोल्यांच्या घरालाही तेच १९८, हेही त्यात आलंच.

आता दोन तृतीयांश म्हणजे काय, ते कागदावर मांडून पाहा. तीस हजार मतं पडली, तर वीस हजार 'हो' लागतात. दहा हजार एक जणांनी 'नाही' म्हटलं की प्रस्ताव पडला. एका 'नाही'ला दोन 'हो' लागतात. विरोध करणाऱ्याला घरोघर फिरावं लागत नाही. त्याला फक्त शंका पेरावी लागते.

या नियमाला २०१७ पासून एक फाटा फुटला आहे. अपलँड शहराच्या खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की नागरिकांनी सह्या गोळा करून आणलेल्या प्रस्तावाला नगरपरिषदेनं आणलेल्या प्रस्तावाचे सगळे नियम लागू होत नाहीत. त्यावरून पुढं अपील न्यायालयांनी ठरवलं की सह्यांवरून आलेल्या खास कराला साधं बहुमत पुरे. ओकलंडमध्ये २०१८ साली मुलांच्या शिक्षणासाठी आणलेल्या मेझर (म्हणजे मतदारांपुढचा स्थानिक प्रस्ताव) 'एए'ला सुमारे ६२ टक्के मतं पडली. मतदारांना दिलेल्या कागदपत्रांत दोन तृतीयांश लागतील असं छापलेलं होतं! तरी शहरानं तो मंजूर धरला, वाद कोर्टात गेला, आणि अपिलात शहर जिंकलं. त्यामुळे पहिला प्रश्न हा विचारा: हा प्रस्ताव नगरपरिषदेनं मांडला आहे की सह्यांवरून आला आहे? हा नियम पुन्हा बदलावा असे प्रयत्न राज्य पातळीवर चालूच असतात, म्हणून दरवर्षी ताजी माहिती घ्या.

ओकलंडची वीस वर्षं

पुढचं सगळं मी ओकलंडच्या उदाहरणानं सांगणार आहे, कारण सार्वजनिक सुरक्षेची पट्टी मागण्याचा एवढा लांब आणि एवढा बोलका इतिहास दुसऱ्या शहराचा मला माहीत नाही.

२००४ च्या नोव्हेंबरात मेझर 'वाय' आलं. एका घराला वर्षाला ८८ डॉलर, शिवाय पार्किंगवर जादा कर, मुदत दहा वर्षं. वचन स्पष्ट होतं: ६३ जादा पोलीस, अग्निशमन दलाला ४० लाख डॉलर, आणि उरलेल्यातला एक वाटा तरुणांना हिंसेपासून दूर ठेवणाऱ्या कामाला. त्यात एक कलम होतं, ज्याकडे तेव्हा फार कुणी लक्ष दिलं नसावं. शहरानं स्वतःच्या नेहमीच्या तिजोरीतून किमान ७३९ पोलिसांचा खर्च करायचा, तरच ही पट्टी गोळा करता येईल.

या कलमाची गरज काय होती, ते समजून घ्या. लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. समजा, शहर आज पोलिसांवर १० कोटी खर्च करतं. तुम्ही पट्टी मंजूर करून आणखी १ कोटी दिलेत. पुढच्या वर्षी शहरानं आपल्या तिजोरीतून ९ कोटीच दिले आणि वाचलेला १ कोटी दुसरीकडे वळवला. तुमचा प्रत्येक डॉलर पोलिसांवरच खर्च झाला, हिशेब तपासनीस शिक्का मारून देईल की काही गैर नाही, आणि रस्त्यावर एकही पोलीस वाढणार नाही. गणपतीची वर्गणी वाढवली, पण मंडळाला दरवर्षी मोठी देणगी देणाऱ्या दुकानदारानं "आता तुमचं भागतंय" म्हणून हात आखडला, तर मूर्ती तेवढीच राहते. म्हणून नव्या पैशांचं काय होणार याआधी जुन्या पैशांचं काय होणार, हे विचारायचं. प्रस्तावात किमान आकडा बांधलेला नसेल, तर बाकी मजकूर कितीही गोड असो, माझा हात 'हो'कडे जात नाही.

ओकलंडमध्ये हे कलम सहा वर्षांनी जागं झालं. मंदीत तिजोरी आटली आणि जुलै २०१० मध्ये शहरानं ८० पोलिसांना कामावरून कमी केलं. संख्या अटीखाली गेली. म्हणजे ज्या वर्षी पोलीस कमी पडले, त्याच वर्षी पोलिसांसाठीची पट्टी गोळा करायचा हक्कही गेला! शहर पुन्हा मतदारांकडे आलं. त्या नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर दोन प्रश्न होते. मेझर 'बीबी' म्हणत होतं, ७३९ ची अट तात्पुरती बाजूला ठेवू द्या, म्हणजे जुनी पट्टी चालू राहील. मेझर 'एक्स' म्हणत होतं, वर आणखी ३६० डॉलरची नवी पट्टी द्या. त्याच दिवशी, त्याच मतदारांनी पहिल्याला हो म्हटलं आणि दुसऱ्याला सपशेल पाडलं. "लोकांना कर नको असतो" असं सरसकट बोलणाऱ्यांनी हा निकाल पाहावा. लोकांनी चालू वर्गणी थांबवली नाही; पण नुकतीच माणसं कमी करणाऱ्यांच्या हातात चौपट पावती फाडायलाही ते तयार नव्हते.

२०१४ मध्ये मेझर 'झेड' आलं. दहा वर्षांसाठी, एका घराला शंभर डॉलरच्या किंचित खाली. तीन चतुर्थांशांहून जास्त मतदारांनी होकार दिला. यावेळी किमान आकडा ६७८ होता. म्हणजे दहा वर्षांत किमानाची रेघच खाली सरकली. या पैशांतून 'सीझफायर' नावाच्या कार्यक्रमाला बळ मिळालं. गोळीबारात गुंतलेल्या मोजक्या तरुणांना शोधायचं, पोलीस, पाद्री, माजी गुन्हेगार, समाजसेवक यांनी त्यांच्यासमोर एकत्र बसायचं, आणि थांबलास तर नोकरीपासून सगळी मदत, नाही थांबलास तर थेट कारवाई, असं तोंडावर सांगायचं. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या कार्यक्रमामुळे शहरातल्या बंदुकीनं होणाऱ्या खुनांत सुमारे ३१ टक्क्यांची घट दिसली. पुढं २०२४ च्या सुरुवातीला शहरानंच करवून घेतलेल्या तपासणीत उघड झालं की हा कार्यक्रम गेली काही वर्षं मूळ पद्धतीपासून ढळला होता. पट्टी मात्र बिनचूक वसूल होत होती. करवसुली आणि काम ही दोन वेगळी यंत्रं आहेत. पहिलं बंद पडलं तर लगेच आरडाओरडा होतो, दुसरं बंद पडलं तर कुणाला कळतही नाही.

नोव्हेंबर २०२४ मध्ये मेझर 'एनएन' आलं, सह्यांवरून, म्हणजे साध्या बहुमताच्या वाटेनं. एका घराला १९८ डॉलर, अनेक बिऱ्हाडं असलेल्या इमारतीत प्रत्येकी १३२, पार्किंगवर १० टक्के, मुदत नऊ वर्षं, किमान ७०० पोलीस. तेही मंजूर झालं. मात्र कठीण आर्थिक परिस्थितीत अट शिथिल करण्याची सोयही त्यात ठेवलेली आहे. २०१० च्या अनुभवानंतर ती ठेवणं शहराच्या दृष्टीनं समजण्यासारखं आहे. मतदाराच्या दृष्टीनं तो कुंपणातला दिंडी-दरवाजा आहे, आणि तो कुणाच्या किती मतांनी उघडतो ते मजकुरात शोधून वाचायला हवं.

कागद कुठला आणि कुठून वाचायचा

मतपत्रिकेवरचा प्रश्न जास्तीत जास्त ७५ शब्दांचा असतो. तो लिहिणारे लोक तरबेज असतात. सुरुवात हमखास "९११ ला लवकर प्रतिसाद मिळावा, अग्निशमन केंद्रं बंद पडू नयेत, म्हणून..." अशी होते. हे शब्द वाचून मत बनवू नका. पण त्याच ७५ शब्दांत दर किती, वर्षाला एकूण किती रक्कम जमेल आणि मुदत किती, हे लिहिणं कायद्यानं बंधनकारक आहे. तेवढे तीन आकडे पेनानं गोल करा आणि बाकीचं सोडून द्या. "मतदार रद्द करेपर्यंत" असे शब्द दिसले, तर ही पट्टी कायमची आहे असं समजा.

मग काउंटीकडून आलेली माहितीपुस्तिका उघडा. त्यात शहराच्या वकिलांचं निःपक्ष विश्लेषण असतं, ५०० शब्दांपर्यंत. रुक्ष असतं, पण खरं सोनं तिथंच. त्यापुढं बाजूचा आणि विरोधातला युक्तिवाद प्रत्येकी ३०० शब्दांत. ते वाचताना मजकुराइतकंच खालच्या सह्यांकडे पाहा. पोलिसांची संघटना, अग्निशमन जवानांची संघटना, व्यापारी मंडळ, करदात्यांची संघटना यांतले कोण कुठल्या बाजूला आहेत यावरून बरंच कळतं. कधीकधी विरोधाची जागा कोरी असते. विरोध कुणालाच नव्हता असा त्याचा अर्थ होत नाही. वेळेत कुणी लिहून दिलं नाही, एवढाच. तो युक्तिवाद कुठलाही मतदार देऊ शकतो. आपल्यातले कितीतरी जण ऑफिसात तीस पानांचे अहवाल लिहितात, त्यांना तीनशे शब्द जड नाहीत.

शेवटी पूर्ण मजकूर. तो सहसा पुस्तिकेच्या मागं बारीक अक्षरात असतो किंवा शहराच्या लिपिकाकडे मागवावा लागतो. सगळा वाचायची गरज नाही. दरवर्षीची वाढ शोधा: महागाईप्रमाणे, की ठरावीक टक्के, की जो आकडा मोठा असेल तो. २०० डॉलरला दरसाल ३ टक्के वाढ असेल, तर दहाव्या वर्षी ती २६१ होते आणि दहा वर्षांत एकूण सुमारे २,२९३ डॉलर जातात. तुलना २०० शी करू नका, या आकड्याशी करा. एका घराला म्हणजे नेमकं कशाला, तेही पाहा. आपल्याकडे आई-बाबा येतात म्हणून मागच्या अंगणात छोटं घर किंवा गॅरेजची खोली बांधलेली असते. काही प्रस्तावांत तेही वेगळं घर धरलं जातं.

सवलतींबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण इथं आपली माणसं फसतात. ज्येष्ठांना किंवा कमी उत्पन्नवाल्यांना सूट असते, असं ऐकून पुष्कळ जण निर्धास्त होतात. बहुतेक ठिकाणी ती आपोआप मिळत नाही. अर्ज करावा लागतो, अनेकदा दरवर्षी. आणि ती घरमालकाच्या वयावर व उत्पन्नावर असते. घर मुलाच्या नावावर, आई-बाबा पंच्याहत्तरीचे, तर सूट सहसा नाही. आई-बाबांच्या नावावर घर करून सूट मिळवावी असा सल्ला चहा पिताना देणारे भेटतात. घराच्या मालकीत असले बदल वकिलाला न विचारता करू नका. मूळ पट्टीतच उलथापालथ होऊ शकते.

एक सापळा मात्र पार्सल टॅक्सच्या बाहेरचा आहे. काही शहरं सुरक्षेचं नाव घेऊन सर्वसाधारण कर मागतात, बहुधा विक्रीकर. त्याला साधं बहुमत पुरतं, कारण कायद्यानं तो पैसा कशावरही खर्चता येतो. सोबत दुसरा प्रश्न असतो: "हा पैसा पोलिसांवर खर्च करावा का?" हा दुसरा प्रश्न फक्त सल्ला असतो. २०१२ साली दिवाळखोरीत गेलेल्या स्टॉकटन शहरानं पुढच्याच वर्षी असाच जोडप्रश्न मांडला आणि त्यातला कर निम्म्याच्या जेमतेम वर मतांनी मंजूर झाला. यात फसवणूक आहे असं मी म्हणत नाही. शहर बुडालेलं होतं आणि दोन तृतीयांश मिळवणं अवघड होतं. पण सल्ल्याला हो म्हणताना आपण कुणाला बांधून घेत नाही आहोत, हे मतदाराला ठाऊक असावं.

आता थोडा गुणाकार. प्रस्ताव म्हणतो, वर्षाला ५० लाख डॉलर जमतील. ओकलंडच्या आसपासच्या खाडीच्या भागात एका पोलिसाचा खर्च पगार, विमा, निवृत्तिवेतन धरून वर्षाला दोन लाखांच्या पुढे सहज जातो. अडीच लाख धरले तर वीस पोलीस. वीस ऐकायला भरघोस वाटतात. पण आठवड्याचे तास १६८ आणि एका माणसाची नोकरी ४० तासांची. रजा, आजारपण, प्रशिक्षण, कोर्टातल्या साक्षी धरल्या तर एक जागा चोवीस तास भरायला निदान पाच माणसं लागतात. म्हणजे कुठल्याही क्षणी तुमच्या सगळ्या शहरात चार जादा पोलीस. चार कमी आहेत असं नाही. रात्री तीन वाजता दहांच्या जागी चौदा असणं हा मोठा फरक आहे. पण प्रचारपत्रकावरचे वीस आणि रस्त्यावरचे चार यांतला फरक डोक्यात ठेवून मत द्या. अग्निशमन दलाचंही तसंच. त्यांना येणारे बहुतांश कॉल आगीचे नसतात, वैद्यकीय असतात: छातीत दुखतंय, आजी पडल्या. "आमच्या भागात आगी कुठं लागतात" म्हणून अग्निशमन केंद्राचा प्रस्ताव नाकारणाऱ्यानं घरातल्या वडीलधाऱ्यांची वयं आठवावीत.

मागणाऱ्यांसाठी

तुमच्यापैकी काही जण वस्तीच्या समितीत असतील, किंवा तुमच्या भागातलं अग्निशमन केंद्र बंद होणार म्हणून तुम्हीच पट्टी मागायला निघाला असाल. वर्गणी मागत फिरलेल्या माणसाला हे काम नवं नाही. दार उघडणारा पहिल्यांदा काय विचारतो? "मागच्या वर्षीचा हिशेब कुठाय?" पुण्यातल्या वाड्यात आणि ओकलंडच्या टेकडीवर प्रश्न एकच. म्हणून मागण्याआधी आधीच्या पट्टीचा हिशेब एका पानावर घेऊन जा: किती जमले, कशावर गेले, काय जमलं नाही. शेवटची ओळ वगळू नका. जे जमलं नाही ते आपणहून सांगणाऱ्यालाच पुढचं बोलू देतात.

भीती दाखवून मतं मिळतातच असं नाही. ऑरेगनमधल्या जोसेफिन काउंटीचं लाकडापोटी येणारं संघराज्याचं अनुदान आटलं आणि २०१२ मध्ये सुरक्षेची पट्टी मतदारांनी नाकारली. शेरीफच्या कार्यालयानं बहुतेक माणसं कमी केली. ज्यांना धोका वाटतो त्यांनी पुरेसे पोलीस असलेल्या भागात राहायला जाण्याचा विचार करावा, असं जाहीर निवेदन काढलं. याहून भीतीदायक प्रचार कुठला असणार? तरीही पुढच्या वर्षांत लोक पुन्हापुन्हा नाहीच म्हणाले. होकार मिळाला तो २०१७ मध्ये, तुरुंग आणि बालसुधारगृहासाठी, मोजक्या कामाच्या मोजक्या मागणीला.

नियमही सांभाळा. शहराला सरकारी पैशातून माहिती देता येते, प्रचार करता येत नाही. १९७६ च्या स्टॅन्सन खटल्यापासून हे ठरलेलं आहे. म्हणून शहराच्या पत्रकावर "हो म्हणा" असं कधी नसतं, "तुम्हाला माहीत आहे का?" असतं. पोलीस आणि जवान गणवेशात प्रचाराला येऊ शकत नाहीत, सुट्टीच्या दिवशी साध्या कपड्यांत येऊ शकतात. तुमच्या समितीनं वर्षात २,००० डॉलर जमवले की राज्याकडे नोंदणी करावी लागते. "आपलं घरगुतीच आहे" ही सबब चालत नाही, आणि आपल्या मराठी मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमातला डबा फिरवून तर हे मुळीच करू नका. मंडळ करमुक्त संस्था असेल, तर राजकीय कामाच्या मर्यादा खजिनदारानं आधी तपासाव्यात.

दारावर वीस मिनिटं बोलू नका. दोन वाक्यं पुरेत: किती, किती वर्षं, कशासाठी, आणि किमान आकडा कुठल्या कलमात आहे. चिडलेल्याशी हुज्जत घालू नका, पण त्याचा 'नाही' दोनदा मोजला जातो हे लक्षात ठेवून त्याचं ऐकून मात्र घ्या.

मत कुणाचं

हे शेवटी लिहितोय, तरी आधी वाचलं तर बरं. शहराच्या करावर मत फक्त अमेरिकन नागरिकाचं. ग्रीन कार्डवाले आणि एच-१बीवाले पट्टी पूर्ण भरतात, मत देऊ शकत नाहीत. हे बोचतं, पण वाहन परवान्याच्या कचेरीत घाईघाईत चुकीच्या चौकोनात खूण होऊन नाव मतदारयादीत आलं, घरी मतपत्रिका आली, आणि "आलीच आहे तर" म्हणून भरून पाठवली, तर नागरिकत्वाचा अर्ज तर अडकतोच, देशाबाहेर काढण्यापर्यंत वेळ येऊ शकते. अशी मतपत्रिका आली तर भरू नका. काउंटीला लेखी कळवून नाव काढून घ्या आणि इमिग्रेशन वकिलाशी बोला. मोहिमेला पैसे देण्याआधीही एच-१बीवाल्यांनी वकिलाला विचारावं. नगरपरिषदेच्या सभेत उभं राहून दोन मिनिटं बोलायला मात्र कुणी पासपोर्ट मागत नाही. पट्टीचा मजकूर ठरतो तोही याच सभांत, मतदानाच्या कितीतरी महिने आधी. किमान आकडा घाला म्हणून सांगायची खरी वेळ तीच.

जे नागरिक आहेत त्यांच्या घरी मतपत्रिका मतदानाच्या २९ दिवस आधी टपालानं निघते. ती आली की त्याच आठवड्यात शेवटचं पान आधी भरा.

प्रस्ताव मंजूर झाला तर पुढच्या करबिलात त्याची ओळ दिसेल. बिलाचा पहिला हप्ता १० डिसेंबरपर्यंत, दुसरा १० एप्रिलपर्यंत. पट्टी किमतीवरच्या करात नसते. खाली ठोक आकारांची वेगळी यादी असते, तिथं डासनिर्मूलनापासून शाळेपर्यंत सगळं एकाखाली एक असतं. तुमचं घर बँकेच्या कर्जावर असेल आणि कर बँकच भरत असेल, तर ही यादी तुम्ही कधी पाहिलीच नसेल. काउंटीच्या संकेतस्थळावर घराचा पत्ता टाकून एकदा पाहा.

या पट्ट्यांवर देखरेखीसाठी नागरिकांची समिती असते. मी आमच्या शहरातल्या अशा एका बैठकीला मागच्या वर्षी गेलो. टेबलाभोवती नऊ खुर्च्या होत्या, चार रिकाम्या. समोर प्रेक्षकांत मी आणि एक निवृत्त शिक्षिका. लेखापालानं दाखवलेल्या तक्त्यात ठरलेली पदं आणि भरलेली पदं असे दोन रकाने शेजारी शेजारी होते, आणि दोन्हींत आठांचा फरक होता. शिक्षिकेनं हात वर करून विचारलं, "त्या आठ जणांच्या पगाराचे पैसे आत्ता कुठं आहेत?" लेखापाल म्हणाले, पुढच्या बैठकीत लेखी सांगतो. समितीच्या रिकाम्या चार खुर्च्यांसाठी अर्ज कुठं मिळतो, ते तिनं निघताना विचारलं. नगरसभागृहात, दुसऱ्या मजल्यावर, शहर लिपिकाच्या खिडकीवर.